‘दुसऱ्याने केलेले पापही सांगायचे का?’ : महागुरुस्वामींना एका धर्मशिक्षिकेचे खुले पत्र

प्रति,
भारतातील कॅथोलिक ख्रिस्तसभेचे सर्व महागुरुस्वामी (बिशप), विशेषतः महाराष्ट्र आणि गोव्यातील धर्मप्रांतांचे प्रमुख यांस

विषय : लहान मुलांचे पापनिवेदन (धर्मगुरूसमोर एकांतात दिलेली पापांची कबुली, म्हणजे कन्फेशन), त्याची गुप्तता आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचे कलम १९

सन्माननीय महागुरुस्वामी,

सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षे मी आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांच्या वर्गाला शिकवते. रविवारची मिस्सा (चर्चमधील उपासना) संपली की सात-आठ वर्षांची मुले चर्चच्या शाळेतील तळमजल्यावरच्या वर्गात येतात, आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ जवळ आला की मी त्यांच्याकडून पहिल्या पापनिवेदनाची तयारी करून घेते. हे पत्र खरे तर पाकिटात घालून पाठवायचे. तशी दोन पाठवलीही. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची तीही आली नाही. म्हणून आता सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. धर्मप्रांताचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण मला कोणा एका कार्यालयाशी भांडायचे नाही, आणि इतर धर्मप्रांतांतल्या ज्या धर्मशिक्षिकांशी मी बोलले त्यांचा अनुभवही फारसा वेगळा नाही.

निमित्त गेल्या वर्षीच्या बालसंरक्षण प्रशिक्षणाचे आहे. धर्मशिक्षक, गायकवृंदाचे मास्तर, चर्चमधील उपासनेचे साहित्य सांभाळणारे सॅक्रिस्टन, वेदीसेवकांना सांभाळणारी तरुण मुले, इतकेच काय, सहलीच्या बसचा चालक, अशा सगळ्यांना एका शनिवारी बोलावले होते. एका वकीलबाईंनी पोक्सो कायदा फार चांगला समजावून दिला आणि शेवटी आम्ही सगळ्यांनी एका फॉर्मवर सही केली, की मुलावर अत्याचार झाल्याचे कळले तर आम्ही ते दडवणार नाही. तेव्हा मी हात वर करून विचारले, ‘हेच फादरांना पापनिवेदनात कळले तर?’ सभागृहात कोणी बोलेना. मग व्यासपीठावरून उत्तर आले, की तो विषय आजच्या कार्यक्रमात नाही, वरून मार्गदर्शन आले की कळवू. लगेच चहा आला. त्याला आता वर्ष उलटून गेले आहे आणि बसचालकाने काय करावे हे आमच्याकडे लेखी आहे, पण पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांनी काय करावे यावर एक ओळ नाही.

हा प्रश्न मला का पडला ते सांगणे भाग आहे, कारण त्यात माझीही चूक आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी, तयारीच्या शेवटच्या रविवारी, मुले आपापल्या चिठ्ठीवर पापे लिहीत होती. बहुतेकांची यादी ठरलेली असते : आईशी खोटे बोललो, भावाला मारले, मिस्सेत गप्पा मारल्या. एका मुलीची चिठ्ठी कोरी होती. पेन्सिलचे रबर कुरतडत तिने मला हळूच विचारले, ‘टीचर, दुसऱ्याने केलेले पापही सांगायचे का?’ मी म्हणाले, ‘नाही बाळा, फक्त आपले सांगायचे,’ आणि पुढच्या मुलाच्या चिठ्ठीकडे वळले. शिकवणीच्या दृष्टीने उत्तर अचूक होते.

ती मुलगी आता मोठी आहे, तिचे लग्न झाले आहे. काही वर्षांपूर्वी ती माझ्या घरी आली आणि तिने त्या प्रश्नामागचे सगळे सांगितले. चर्चमध्ये रोज येणारा-जाणारा, सगळ्यांच्या ओळखीचा माणूस होता. आज तो हयात नाही. आपले नाव कुठेही येऊ नये अशी तिची इच्छा आहे, म्हणून मी गाव आणि वर्ष वगळले आहे. पण तिने सांगितलेली एक गोष्ट मला तिच्या परवानगीने इथे लिहायची आहे. माझे उत्तर ऐकूनही ती पापनिवेदनात ते बोलली होती. जेवढे शब्द तिच्यापाशी होते तेवढ्या शब्दांत, आणि ते आपलेच पाप आहे असे म्हणून. फादर तिच्याशी मायेने वागले. देव तुझ्यावर प्रेम करतो असे म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे प्रायश्चित्त म्हणून ‘नमो मारिया’ ही प्रार्थना तीनदा म्हणायला सांगितली. तिने वेदीसमोर गुडघे टेकून ती म्हटली आणि मनाशी हिशोब केला, की प्रायश्चित्त मला मिळाले, म्हणजे चूक माझीच. मग आत बोललेले बाहेर काढायचे नसते, हे मीच वर्गात शिकवले होते. त्यामुळे तिने ते पुढची कित्येक वर्षे आईलाही सांगितले नाही.

त्या फादरांना मी दोष देत नाही. बाहेर रांगेत आणखी तीस मुले उभी असतील. जशी मी पुढच्या चिठ्ठीकडे वळले तसे तेही पुढच्या मुलाकडे वळले असतील.

आता एक गैरसमज आधीच दूर करते. पापनिवेदनाची गुप्तता मोडून काढा, असे मी म्हणत नाही. २०१८ मध्ये केरळमधील एका प्रकरणानंतर राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी पापनिवेदनाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली होती, तेव्हा मला ती आपल्या इतक्याच तीव्रतेने खटकली होती. माझ्या वडिलांनी दारू सोडली ती एका पापनिवेदनानंतर. आत काय बोलणे झाले ते माझ्या आईला मरेपर्यंत कळले नाही, आणि ते तिला कळू नये हेच योग्य होते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केले तेव्हाच, ते फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आयुष्यभर मठात डांबण्याची शिक्षा सांगितली. आजच्या कॅनन कायद्याचे, म्हणजे ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्याचे, ९८३ वे कलम ही गुप्तता अभंग मानते, आणि ती थेट मोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी बहिष्कृत होतो. हे मी वर्गात अभिमानाने शिकवत आले आहे.

माझे गाऱ्हाणे गुप्ततेच्या या मुद्रेविषयी नाही. तिच्या आडोशाला काय काय जाऊन बसले आहे आणि आपण ते कसे बसू दिले आहे, याविषयी ते आहे.

पहिले आणि सर्वांत मोठे गाऱ्हाणे असे, की गुप्ततेचे बंधन कोणावर आहे हेच आपण मुलांना नीट शिकवलेले नाही. बंधन धर्मगुरूवर आहे; मध्ये दुभाषा असेल तर त्याच्यावर आहे; चुकून कोणाच्या कानावर पडले तर त्याच्यावरही आहे. पापनिवेदन करणाऱ्यावर ते मुळीच नाही. ते मूल बाहेर आल्याआल्या, आपण काय बोललो आणि फादर काय म्हणाले, ते आईला, शिक्षिकेला, पोलिसाला, कोणालाही सांगू शकते आणि त्यात तसूभरही पाप नाही. मी बावीस वर्षांत जी पुस्तिका वापरली आणि ज्या टिपणांवरून शिकवले त्यांत ‘फादर हे कोणालाही सांगणार नाहीत’ असे वाक्य आहे. ‘तू मात्र सांगू शकतेस’ हे वाक्य कुठेच नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पहिल्या वाक्याचा अर्थ ‘हे कोणालाच सांगायचे नसते’ असा होतो. मुलाला छळणारा माणूसही त्याला नेमके हेच बजावत असतो. दोन्हीकडून एकच आज्ञा आल्यावर मुलाने करावे तरी काय?

दुसरे गाऱ्हाणे, पीडित मूलच पापनिवेदनात बोलले तर काय करायचे, याचे उत्तर रोमने दिलेले असूनही ते आमच्यापर्यंत आलेले नाही. संस्थांमधील बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने २०१७ च्या अंतिम अहवालात तेथील बिशप परिषदेला नेमके दोन प्रश्न रोमला विचारायला सांगितले होते. मुलाने आपल्यावर झालेला अत्याचार पापनिवेदनात सांगितला तर तेही गुप्ततेत मोडते का? आणि अत्याचार करणारा स्वतः कबुली देत असेल तर, तो पोलिसांकडे जाईपर्यंत त्याची पापक्षमा रोखता येईल का? ऑस्ट्रेलियाच्या बिशपांनी ते विचारले आणि २०२० मध्ये आलेले उत्तर जाहीरही केले. उत्तर असे, की गुप्तता सगळ्या बोलण्याला लागू आहे आणि पुढे करायच्या एखाद्या बाह्य कृतीची अट घालून पापक्षमा अडवता येत नाही. मात्र धर्मगुरू पीडिताला पापनिवेदनाबाहेर मदत घ्यायला, योग्य असेल तेव्हा अधिकाऱ्यांकडे जायला प्रवृत्त करू शकतो, आणि काही प्रसंगी त्याने तसे केलेच पाहिजे.

या उत्तराने माझे पूर्ण समाधान होत नाही, विशेषतः दुसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत. चोरलेले परत करायला सांगणारी आपली परंपरा इथे एवढी जपून का बोलते, हे मला समजत नाही. पण निदान पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात एक दार उघडे ठेवलेले आहे, आणि त्या दारातून मुलाला बाहेर आणण्याचे काम धर्मगुरूचे आहे. ‘हे तुझे पाप नाही. यासाठी तुला कसलेही प्रायश्चित्त नाही. आता आपले पापनिवेदन संपले. तू बाहेर ये, आणि हेच मला व टीचरला बाहेर पुन्हा सांगशील का?’ एवढी चार वाक्ये फादरांना पाठ असती, तर ते मूल बाहेर जे बोलले असते त्याला कोणतीही मुद्रा लागली नसती आणि कायद्यानुसार त्याच दिवशी पोलिसांना कळवता आले असते. आमच्या किती धर्मगुरूंना ही चार वाक्ये शिकवलेली आहेत? एका तरुण फादरांना मी विचारले. ते प्रांजळपणे म्हणाले, ‘सेमिनरीत गुप्तता कशी राखायची ते शिकवले. मुलाशी काय बोलायचे ते नाही.’

इथे थोडे आपल्या देशाच्या कायद्याविषयी. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याचे १९ वे कलम ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणते. गुन्हा घडल्याचे जिला माहीत आहे, किंवा घडेल अशी जिला धास्ती वाटते, तिने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही; संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. डॉक्टरला सूट नाही, धर्मगुरूलाही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथील वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात, माहिती न देणाऱ्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो पुन्हा कायम केला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले. पुराव्याचा कायदा वकील आणि अशील, नवरा आणि बायको यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण देतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही धर्मगुरूंचा तसा उल्लेख नाही. म्हणजे आज आमच्या फादरांच्या एका बाजूला बहिष्कार आहे, दुसऱ्या बाजूला तुरुंग, आणि मध्ये त्यांना आपण एकटे उभे केले आहे. हे माझे तिसरे गाऱ्हाणे. आपल्या गप्प राहण्याने मुलांचे नुकसान होतेच, पण प्रामाणिक धर्मगुरूंचेही होते.

चौथे गाऱ्हाणे लिहिताना हात जरा जड होतो. दोन वेगळ्या गुप्तता आपण एकत्र केल्या. एक पापनिवेदनाच्या संस्काराची, दुसरी कपाटातल्या फाइलींची. तक्रार घेऊन आलेल्या आईला ‘ख्रिस्तसभेची बदनामी होईल, फादरांसाठी प्रार्थना करा’ असे सांगितले जाते तेव्हा तिथे कोणताही संस्कार नसतो; एका कार्यालयातले ते बोलणे असते, आणि कॅनन ९८३ चा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण सामान्य भाविकाच्या मनात पापनिवेदनाच्या गुप्ततेविषयी जो आदर आहे, तो या दुसऱ्या गुप्ततेला आयताच मिळत आला. पोप फ्रान्सिस यांनी १७ डिसेंबर २०१९ रोजी अशा प्रकरणांवरचे पोंटिफिकल गुप्ततेचे, म्हणजे रोमच्या कार्यालयीन गोपनीयतेचे, बंधन उठवले. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या आणि २०२३ मध्ये कायम झालेल्या ‘व्होस एस्तिस लुक्स मुंदी’ या फर्मानाने, बिशपांविरुद्धच्या तक्रारींचीही वाट ठरवून दिली आणि देशाच्या कायद्यातील माहिती देण्याचे कर्तव्य अबाधित ठेवले. हे मराठीत, साध्या भाषेत, चर्चच्या फलकावर कितीजणांनी वाचले आहे? मी तरी नाही.

पाचवे, वसतिगृहे. डोंगरी आणि आदिवासी भागांत आपल्या संस्थांनी बोर्डिंग चालवून हजारो मुलांना शिकवले, हे ऋण मी विसरत नाही. पण कॅनन कायद्याचे ९८५ वे कलम सांगते, की सेमिनरीच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या रेक्टरने आपल्याच छताखाली राहणाऱ्या विद्यार्थ्यांची पापनिवेदने ऐकू नयेत. एखाद्या वेळी विद्यार्थ्याने आपणहून मागितले तरच अपवाद. जेवण, फी, शिक्षा आणि घरी जाण्याची रजा ज्याच्या हातात, त्याच्याच समोर मुलाने मन मोकळे करावे, हे जुन्या लोकांनाही बरे वाटले नव्हते. तसेच ९६४ वे कलम जाळी असलेली पापनिवेदनाची जागा उघड्यावर, सर्वांच्या नजरेच्या टप्प्यात असावी असे सांगते. असे असताना सॅक्रिस्टीत (चर्चमधील साहित्याच्या खोलीत), फादरांच्या खोलीत किंवा सहलीच्या बंगल्यात एकेका मुलाला घेऊन बसण्याची सवय कुठून आली, याचे उत्तर आपण शोधावे.

शेवटचे गाऱ्हाणे थोडक्यात. ‘हे पाश्चात्त्यांचे प्रश्न आहेत’ असे आम्हाला सांगितले जाते. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये आलेल्या स्वतंत्र आयोगाच्या अहवालाने, १९५० पासून धर्मगुरू व धर्मसंघीयांच्या हातून सुमारे २ लाख १६ हजार मुले अत्याचाराला बळी पडल्याचा अंदाज मांडला, तेव्हाही हेच ऐकले. पण केरळमधील कोट्टियूरच्या प्रकरणात, २०१९ मध्ये न्यायालयाने धर्मगुरूला दोषी ठरवण्यापूर्वी, पीडित मुलीच्या बापाने गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला होता. आणि मुंबईत एका तेरा वर्षांच्या मुलावरील २०१५ मधल्या अत्याचारासाठी विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये एका धर्मगुरूला जन्मठेप दिली. त्या बापाला ते अंगावर घ्यावेसे का वाटले असेल, याचा विचार मी पुष्कळ रात्री केला आहे.

आपण रेषा आखली नाही तर ती दुसरे आखतील. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये कायदा करून पापनिवेदनालाही माहिती देण्याच्या सक्तीत आणले. न कळवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०२५ मध्ये तसाच कायदा केला आणि तो लागू होण्याआधीच फेडरल न्यायालयाने धर्मगुरूंच्या बाबतीत त्याला स्थगिती दिली. कोर्टात जिंकलो म्हणून आपले काम झाले, असे मला वाटत नाही. त्या आठ वर्षांच्या मुलीला त्या निकालातून काहीच मिळत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिल्या कम्युनियनच्या प्रत्येक मराठी पुस्तिकेत, मुलांना कळेल अशा अक्षरांत, हे छापावे : ‘गुप्ततेचे बंधन फादरांना आहे, तुला नाही. तुला कोणी त्रास दिला तर ते तुझे पाप नाही. ते तू मोठ्या माणसाला सांगू शकतोस, सांगू शकतेस.’ त्याखाली चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक छापावा.

पापनिवेदन ऐकण्याची परवानगी प्रत्येक धर्मगुरूला आपणच देता. मुलांची पापनिवेदने ऐकण्याआधी, मुलाने असे काही सांगितल्यास काय बोलायचे याचे प्रशिक्षण त्याने घेतलेच पाहिजे, अशी अट त्या परवानगीला जोडावी.

पोक्सो कायदा आणि कॅनन कायदा यांच्यात जिथे ओढाताण आहे, तिथे धर्मगुरूने काय करायचे आणि धर्मप्रांत त्याच्या पाठीशी कसा उभा राहील, हे वकील व कॅनन कायद्याच्या जाणकारांना एकत्र बसवून लेखी ठरवावे आणि जाहीर करावे. पापनिवेदनाबाहेर कळलेल्या कोणत्याही गोष्टीला गुप्ततेचे कारण सांगता येणार नाही, हेही त्यात असावे.

मुलांची पापनिवेदने चर्चमध्ये, बाकावर किंवा काचेचे दार असलेल्या खोलीत, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर पण कानाआड व्हावीत. वसतिगृहांसाठी बाहेरचे धर्मगुरू नेमावेत.

आणि प्रत्येक धर्मप्रांताने, किती तक्रारी आल्या व त्यांतल्या किती पोलिसांकडे गेल्या, एवढा आकडा दरवर्षी जाहीर करावा. नावे नकोत. पीडित मुलाची ओळख जपण्याची सक्ती कायद्यातच आहे, आणि ती योग्य आहे.

पापनिवेदनाचा संस्कार न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट बांधवांनाही, पास्टरांच्या खासगी समुपदेशनाबाबत यातले बरेचसे लागू पडावे. पण ते पत्र त्यांच्यापैकी कोणी लिहिलेले बरे.

सात वर्षांच्या आसपासच्या मुलांना आपण पापनिवेदनाला बसवतो ते पोप दहावे पायस यांच्या १९१० च्या आदेशापासून. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुले दहा, बारा, चौदा वर्षांची होईपर्यंत कम्युनियनसाठी थांबत. मुलांना लवकर ख्रिस्तप्रसाद मिळावा म्हणून ख्रिस्तसभेने तेव्हा रूढ झालेली प्रथा बदलली. इतक्या लहान वयात त्यांना त्या जाळीसमोर आणणारे आपण आहोत, म्हणून तिथे त्यांच्याशी काय बोलायचे हे ठरवण्याची जबाबदारीही आपली आहे.

यंदा माझ्या वर्गात चौदा मुले आहेत. त्यांचे पहिले पापनिवेदन उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात ठरले आहे आणि चिठ्ठ्या लिहिण्याचा वर्ग त्याच्या आदल्या रविवारी आहे. त्यांच्यातल्या एखाद्याने मला पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर मी काय उत्तर द्यायचे आणि आत फादर काय देतील, हे त्या रविवारच्या आधी मला लेखी कळवावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक धर्मशिक्षिका